पाइनच्या सुयांवरचा करपा: पाऊस मोजायचा की ओल?

मुरूम_माती

पुण्यात दोन ठिकाणी पाइनची रोपं आहेत, एकाच बियाण्याची, वय दीड वर्ष. एक तुकडी हडपसरच्या बाजूला, दुसरी मुळशीत. मिळून चारशेच्या आसपास पिशव्या. चिर पाइन, कॅरिबियन पाइन आणि थोडी आलेप्पो पाइन.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून खालच्या सुयांवर फिकट पिवळसर पट्टे दिसायला लागले, ५ ते १० मिलिमीटर लांबीचे. दोन-तीन आठवड्यांत पट्टा तपकिरी होतो, मग राखाडी. पट्ट्याच्या पुढचं टोक वाळतं, बुडाकडचा भाग हिरवाच राहतो. १० पट भिंगातून राखाडी भागावर बारीक काळसर ठिपके दिसतात, ओळीत मांडल्यासारखे. आता ऑक्टोबरात खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या बहुतेक सुया गेल्या आहेत आणि रोग वर चढतोय. आलेप्पोवर सर्वांत जास्त, चिरवर त्याहून कमी.

कोडं असं की हे सगळं हडपसरला चाललंय. मुळशीत पाऊस कित्येक पटींनी जास्त, धुकं आठवडेच्या आठवडे, तरी तिथे शोधून चार-पाच रोपांवर पट्टे सापडतात. बुरशीचा रोग ओल्या जागी जास्त हवा ना? मग नक्की कोणती गोष्ट रोग वाढवते: पाऊस, आर्द्रता, तापमान की आणखी काही? आणि फवारणी आता करून उपयोग आहे का?

भिंग

आधी रोग ठरवू, मग हवेकडे वळू. सुयांवरचे चार-पाच करपे लांबून सारखेच दिसतात, पण प्रत्येकाचं हवेशी असलेलं नातं वेगळं.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय सर्कोस्पोरा करप्याचा. बुरशीचं नाव स्यूडोसर्कोस्पोरा पिनी-डेन्सिफ्लोरी. हा मुख्यतः रोपवाटिकेतला रोग, पहिल्या दोन वर्षांतल्या रोपांचा, आणि उष्ण पावसाळी प्रदेशातला. खालच्या जुन्या सुयांवरून वर चढणं ही त्याची ओळखीची चाल. ठिपके ओळीत दिसतात त्याला साधं कारण आहे: पाइनच्या सुईवर पर्णरंध्रं ओळींनी असतात, बुरशी रंध्रातूनच आत जाते आणि फळायला रंध्रातूनच बाहेर येते.

दुसरा उमेदवार डोथिस्ट्रोमा, हीही सुयांवरचीच बुरशी. त्यात पट्टा विटकरी लाल असतो, आणि ठिपके त्या लाल भागातच उठतात. तो रंग बुरशीच्या डोथिस्ट्रोमिन या विषाचा. तुम्ही लाल रंगाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पण जुन्या सुईवर लाली फिकी पडते, तेव्हा पूर्ण राखाडी सुई पाहून निकाल देऊ नका. लोफोडर्मियम ही आणखी एक बुरशी असेल तर ठिपका नव्हे, लांबट काळी फोडी दिसते, मधोमध उभी चीर असलेली, आणि ती बहुतेक गळलेल्या सुईवर.

शंका फेडायची तर हिरव्या आणि तपकिरी भागाची सीमा असलेल्या १५-२० सुया तोडा. झाकणाच्या डब्यात ओला टिपकागद अंथरून त्यावर दोन-तीन दिवस खोलीच्या तापमानाला ठेवा. पाणी साचू देऊ नका, नाहीतर भलतीच बुरशी माजते. मग ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावा आणि ४०० पटीत पाहा. बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बी) लांब, फिकट ऑलिव्ह-तपकिरी आणि अनेक आडव्या पडद्यांचे असले तर सर्कोस्पोरा. रंगहीन आणि एक ते तीन पडद्यांचे, तर डोथिस्ट्रोमा. गडद तपकिरी, जाड खरबरीत भिंतीचे, किंचित वाकलेले असले तर लेकॅनोस्टिक्टा, करप्याचीच आणखी एक बुरशी. सूक्ष्मदर्शक नसेल तर नमुना कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकच्या पिशवीत नको, सडतो. भारतातला राष्ट्रीय बुरशी संग्रह पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत आहे आणि तिथे शुल्क घेऊन बुरशी ओळखून देतात. पाइनची जात, तुकडी आणि तोडल्याची तारीख पाकिटावर लिहा.

बुरशी नसलेल्या गोष्टीही तपासून घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर सुया टोकापासून जळतात, पण सगळ्या जवळपास सारख्याच लांबीला, आणि ठिपके नसतात. कोळी (रस शोषणारी बारीक कीड) असेल तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की हलणारे कण दिसतात. तो उन्हाळ्यातला प्रकार. चिर पाइन मार्च ते मे मध्ये जुन्या सुया आपणहून गाळतो, त्यालाही लोक रोग समजतात.

आता तुम्हाला तीन प्रश्न. हडपसरला शेडनेट अजून आहे का? पाणी कसं आणि किती वाजता देता? मुळशीची रोपं उघड्यावर आहेत का? माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

दहिवर

भिंगरावांचे प्रश्न बरोबर जागी आहेत. उत्तर येईपर्यंत हवेचा भाग मांडतो.

पावसाचे मिलिमीटर हा या रोगासाठी फसवा आकडा. तासाभरात ५० मिलिमीटर पडून लख्ख ऊन आलं तर बुरशीला फार काही मिळत नाही. ५ मिलिमीटर दिवसभर रिपरिपत राहिले तर तिची दिवाळी. पाऊस दोन वेगळी कामं करतो आणि ती वेगळी धरली नाहीत तर घोटाळा होतो.

पहिलं काम वाहतूक. डोथिस्ट्रोमा काय, सर्कोस्पोरा काय, बीजाणू मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतात. डोथिस्ट्रोमाचे तर चिकट द्रवात बसलेले असतात, कोरड्या वाऱ्याने सहसा सुटत नाहीत. थेंब आदळला की सुटतात आणि शेजारच्या सुईवर जातात. थेंब जितका मोठा तितका शिंतोडा लांब. नेटवरून, पन्हाळीवरून किंवा वरच्या फांदीवरून ठिबकणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो, हे ध्यानात ठेवा. धुक्याच्या बारीक थेंबांतूनही बीजाणू वाहून जातात, तेव्हा पल्ला वाढतो. लोफोडर्मियमची तऱ्हा उलटी: त्याच्या फोडी भिजल्या की उघडतात आणि बीजाणू हवेत उडवतात, पुढे वारा नेतो. म्हणून तिथे गळलेला पालापाचोळा महत्त्वाचा. इथे झाडावर लटकलेली रोगट सुई महत्त्वाची.

दुसरं काम ओल. सुईवर पडलेला बीजाणू अंकुरतो, त्याचा धागा पृष्ठभागावरून सरपटत रंध्र शोधतो आणि आत शिरतो. या सगळ्या प्रवासात सुई ओली किंवा जवळजवळ ओली लागते. मध्ये कडक ऊन पडून सुई खडखडीत वाळली तर काम अडतं. म्हणजे मोजायचे ते सलग ओलीचे तास. आणि पाइनची सुई दिसते त्यापेक्षा जास्त वेळ ओली राहते. चिरच्या जुडीत तीन सुया असतात, त्यांच्या मधल्या फटीत पाणी धरून राहतं. बाहेरून हात लावला तर कोरडी, जुडी उकलली तर आत ओल.

तिसरी गोष्ट तापमान, आणि पुणेकरांसाठी हाच रोग निवडणारा घटक आहे. डोथिस्ट्रोमाला १५ ते २० अंशांच्या आसपास सर्वांत मानवतं. २५-२६ च्या वर त्याचा उत्साह मावळतो. सर्कोस्पोराला २५ च्या आसपास. आता पुण्याचा जुलै पाहा: दिवसा २७-२८, रात्री २२-२३, आकाश झाकलेलं. सप्टेंबरही त्याच घरातला. म्हणजे शहराच्या हवेत पारडं सर्कोस्पोराकडे झुकतं. महाबळेश्वरसारख्या १,३५० मीटरच्या वरच्या जागी जुलै-ऑगस्टभर २० च्या आत तापमान आणि अखंड धुकं. तिथे पाइन लावायचा विचार असेल तर डोथिस्ट्रोमाच डोळ्यासमोर ठेवा. रोपांसोबत तो तिथे नेऊ नका म्हणजे मिळवली.

चौथी गोष्ट उशीर. संसर्ग आणि पट्टा यांच्यात काही आठवडे जातात, डोथिस्ट्रोमात तर काही महिनेही. सप्टेंबरात दिसलेला पट्टा ही जुलै-ऑगस्टच्या हवेची पावती आहे. आज दिसतंय म्हणून आजच्या हवेत कारण शोधलं की चुकतं.

ओल मोजायची कशी? द्राक्षवाल्यांना विचारा, केवडा या बुरशीच्या रोगासाठी ते पान ओलं राहण्याचे तास मोजणारे सेन्सर वर्षानुवर्षं वापरतात. तो नसेल तर तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा छोटा लॉगर रोपांच्या उंचीवर, वाफ्याच्या मध्यभागी, पांढऱ्या जाळीदार आडोशात टांगा. ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला काही कामाचा नाही. आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त असलेले तास मोजले की ओलीच्या तासांचा कामचलाऊ अंदाज येतो. तुषाराच्या पाण्याचे तास मात्र त्यात पकडले जात नाहीत, ते हाताने मिळवावे लागतात. त्याहून साधं म्हणजे सकाळी ८, ९ आणि १० वाजता दहा जुड्या उकलून आत टिश्यू पेपर दाबायचा. कितीव्या वाजेला तो कोरडा निघतो ते लिहून ठेवायचं. आठवडाभर केलं तरी चित्र उभं राहतं.

दवाला कमी लेखू नका. पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमिनीत पावसाची ओल. मध्यरात्रीनंतर दव धरतं ते उन्हं चांगली वर येईपर्यंत. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ पासून पुण्यात आहे. पिकाच्या उंचीवरची हवा आणि वेधशाळेच्या पेटीतली हवा वेगळी असते हे त्या शास्त्रातलं पायाभूत सत्य. तुमच्या वाफ्यातली हवा ही हडपसरची हवा नव्हे.

मुरूम_माती

दोघांचे आभार. उत्तरं देतो.

हडपसर: ५० टक्के हिरवी नेट, बारमाही, जमिनीपासून ७ फुटांवर. बाजूंनाही नेट, पश्चिमेला कंपाउंडची भिंत. पिशव्या एकमेकींना चिकटून, १२ च्या रांगा. पाणी तुषाराने, संध्याकाळी ६ वाजता अर्धा तास. पावसाळ्यात उघडीप असेल तर एक दिवसाआड, सप्टेंबरपासून रोज. जुनी रोगट रोपं त्याच वाफ्याच्या टोकाला होती, अजूनही आहेत.

मुळशी: पाऊस फार म्हणून पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर, चारी बाजू उघड्या, उतारावर. पाणी झारीने पिशवीत, सकाळी. पिशव्यांमध्ये वीतभर अंतर.

चिकटपट्टीत दिसलेले बीजाणू लांब, फिकट तपकिरी, चार-पाच पडद्यांचे.

दहिवर

बीजाणूंवरून सर्कोस्पोरा ठरला, आणि कोडंही सुटलं. रोग पावसाने नाही, नळाने आला.

हिशेब मांडा. ऑक्टोबरात ६ ला सूर्य मावळतो. ६ ते ६.३० तुषार. नेट, भिंत आणि चिकटलेल्या पिशव्यांमुळे वारा नाही, ऊन संपलेलं. सुया वाळायच्या आतच हवा संपृक्त होते. मध्यरात्रीनंतर दवाची भर. सकाळी नेटमुळे ऊन उशिरा आणि निम्मं पोचतं, ९ शिवाय सुया वाळत नाहीत. झाले १५ तास सलग, तेही २० अंशांच्या आसपास, आणि रोज. वर तुषाराचे थेंब टोकाच्या रोगट रोपांवरून बीजाणू उचलून पुढे शिंपडतायत. मुळशीत धुक्याची ओल आहे, पण छपरामुळे थेंबांचा मारा नाही, म्हणजे वाहतूक जवळजवळ बंद. नुसत्या ओलीने रोग होत नाही, बीजाणू पोचावा लागतो.

नेटखाली दव खरं तर उघड्यापेक्षा कमी पडतं, कारण रोपाला मोकळं आकाश दिसत नाही आणि ते रात्री तितकं गार होत नाही. पण सकाळचं वाळणं लांबतं त्यात तो फायदा बुडतो.

पाण्याची वेळ बदला, आजच. शक्य असेल तर ठिबक किंवा झारी, थेट पिशवीत. तुषारच वापरायचा असेल तर सकाळी ७ ते ७.३० ला, सुयांवर दव असतानाच. ऐकायला उलटं वाटतं, पण सुई तशीही ओलीच असते, त्यामुळे ओलीचे तास वाढत नाहीत आणि पुढे दिवसभर वाळायला मोकळं. १५ चे ७-८ तास होतील. दुपारी ३ चं पाणी हिवाळ्यात चालेल असं वाटतं, पण नेटखाली ते संध्याकाळपर्यंत पूर्ण वाळतंच असं नाही.

डोंगरउतार

वर सावलीबद्दल जे आलं त्याला थोडी पुरवणी. ‘नेट वाईट’ असं सरसकट म्हणू नका. डोथिस्ट्रोमावर न्यूझीलंडमध्ये झालेल्या प्रयोगांत उजेड जास्त तर रोग जास्त असं निघालं. दाट सावलीत त्याचे पट्टे कमी पडतात. म्हणजे सावलीचे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात: एकीकडे ओल लांबते, दुसरीकडे, निदान त्या एका बुरशीत, रोगाची धार बोथट होते. पण सावलीत पाइन स्वतः लुळा होतो, सुया विरळ आणि लांबट येतात, म्हणून औषध म्हणून सावली वापरण्यात अर्थ नाही. पुण्यासाठी व्यवहार सोपा आहे. एप्रिल-मेच्या ३८-४० अंशांत पहिल्या वर्षाच्या रोपांवर नेट हवी, जूनच्या पहिल्या आठवड्यात ती काढायची. दीड वर्षाच्या रोपाला एरवी पूर्ण ऊन. एकदम काढाल तर सुया भाजतील. आधी दहा दिवस बाजूच्या नेट काढा, मग वरची, तीही ढगाळ दिवस पाहून.

दुसरा मुद्दा, जो तुमच्या आलेप्पोने आपोआप मांडलाय. पाइन कुठल्या ऋतूतल्या पावसाचा आहे ते पाहा. आलेप्पो भूमध्य समुद्राकाठचा: पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. उबदार हवेत सुया महिनोन्महिने ओल्या, हे त्याला ठाऊकच नाही. रेडिएटा पाइनचं तेच. मूळ कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरच्या मोजक्या जागांतला, तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाही. तो केनिया-टांझानियाच्या डोंगरांत आणि न्यूझीलंडमध्ये लाखोंनी लावला, तिथे उबेच्या दिवसांत पाऊस. १९६० च्या दशकात डोथिस्ट्रोमाने पूर्व आफ्रिकेत रेडिएटाची लागवडच बंद पाडली. न्यूझीलंडमध्ये १९६६ पासून विमानातून ताम्रयुक्त औषध फवारत आले आहेत. तिथे एक दिलासा होता, रेडिएटा साधारण १५ वर्षांचा झाला की बराच सोसतो.

पण मूळ गावातलं झाड सुरक्षित असतं असंही नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य भागात लॉजपोल पाइन तिथलाच, डोथिस्ट्रोमाही जुनाच. तरी २००० नंतर प्रौढ झाडंही मरायला लागली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बोट ठेवलं ते उन्हाळी पावसाच्या वाढलेल्या प्रमाणावर. सरासरी तापमान फारसं न हलता, उबदार दिवसांतला पाऊस वाढला एवढं पुरलं. दहिवर म्हणतात ते ओलीचं गणित जंगलाच्या मापाने.

चिर हिमालयाच्या पायथ्याचा, त्याला मोसमी पाऊस जन्मापासून माहीत. कॅरिबियन आणि ऊकार्पा पाइन मध्य अमेरिकेकडचे, तेही उन्हाळी पावसाचे. सर्कोस्पोरा रोपवाटिकेत यांनाही सोडत नाही, पण रोप मोठं झालं की निभावतात. आलेप्पो पुण्यात लावायचा अट्टहास असेल तर छपराखाली वाढवा आणि जागा वाऱ्याची निवडा. मी तर सोडून देईन.

कोवळी_फूट

विषय निघालाच आहे तर: आमच्या सोसायटीतल्या पाइनचेही खालचे शेंडे तपकिरी पडतायत. तोच, ख्रिसमसला सजवतात तो. हाच रोग का?

भिंग

ताई, तो बहुधा अरौकॅरिया असणार. पुण्यात ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जातं ते बहुतेक तेच, आणि ते पाइन नव्हे. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत येतात, जुडीच्या बुडाशी पातळ वेष्टन असतं. अरौकॅरियात जुडी नसते, एकेक छोटं पान फांदीला चिकटलेलं. सुरूलाही लोक पाइन म्हणतात. त्याची ‘सुई’ ओढली की सांध्यासांध्याला सुटते, कारण ती मुळात बारीक डहाळी आहे. तुमच्या झाडाचा वेगळा धागा काढा, बुंध्याचा आणि कुंडीच्या निचऱ्याचा फोटो टाका.

मोरचूद_चुना

फवारणीचं सांगतो. ताम्रयुक्त औषध बीजाणूला सुईच्या बाहेर मारतं. आत शिरलेल्या बुरशीला ते हात लावत नाही, पट्टे पडलेली सुई बरी करत नाही. तेव्हा ‘आता करून उपयोग आहे का’ याचं उत्तर: वरच्या, अजून स्वच्छ असलेल्या सुया वाचवण्यापुरता आहे. पाण्याची वेळ न बदलता फवारलं तर औषध रोज संध्याकाळी तुम्हीच धुवाल.

१ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, १० लिटरसाठी: मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवा. फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्याच्या वरच्या थरात टांगली तर लवकर विरघळतं, तळाला टाकलं तर तासन्‌तास तसंच पडून राहतं. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्याने फोडून, गार करून, ५ लिटर करा आणि गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत ढवळत. चुना मोरचुदात नाही, त्याने मिश्रण फुटून जाड बसतं. लोखंडी भांडं वापरू नका. तयार मिश्रणात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा, पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं उरलंय, सुया जळतील. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून परत तपासा. चुना जुना, हवेत विरलेला असेल तर १०० ग्रॅम पुरत नाही, हीच नेहमीची चूक. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

एवढा खटाटोप नको असेल तर ५० टक्क्यांचं कॉपर ऑक्सिक्लोराइड, १० लिटरला २५ ते ३० ग्रॅम. डब्याच्या लेबलावर जे आहे ते आधी वाचा. पाइनच्या सुईवर मेणाचा थर असतो, पाणी मोत्यासारखं घरंगळतं, म्हणून ऑक्सिक्लोराइडमध्ये स्टिकर (औषध चिकटवून ठेवणारं द्रव) १० लिटरला ५ मिलिलिटर घालाच. बारीक थेंबाचा नोझल, खालून वर फवारा, कारण रोग खालच्या सुयांच्या आतल्या बाजूला. एवढ्या रोपांना रोपामागे २५-३० मिलिलिटर धरा. हडपसरला २०० असतील तर ५-६ लिटरांत काम होतं. ओघळ लागेपर्यंत मारू नका. पिशवीतल्या मातीत तांबं साचलं तर पाइनच्या मुळांशी राहणाऱ्या उपकारी बुरशीला ते बाधतं, आणि तिच्यावाचून पाइन खुरटतो.

वेळ सर्वांत महत्त्वाची. पहिली फवारणी मेअखेर, पावसाळा सुरू व्हायच्या आत. दुसरी जूनअखेर. मग जुलै-ऑगस्टमध्ये दर १५ ते २० दिवसांनी उघडीप पाहून, आणि एक सप्टेंबरअखेर दवाच्या हंगामासाठी. फवारल्यावर ४-५ तास कोरडे हवेत. भुरभुरीत, रेंगाळत वाळणाऱ्या हवेत ताम्र मारलं तर ते स्वतःच सुई डागळतं आणि मग रोग वाढला म्हणून आणखी फवारलं जातं. मुळशीच्या छपराखाली एवढ्या फेऱ्यांची गरज नाही, मेअखेरची आणि सप्टेंबरची पुरे.

गांडूळखत

रसायन कशाला? ट्रायकोडर्मा ही उपकारी बुरशी घाला की पिशवीत.

मोरचूद_चुना

घाला, मुळकुजीसाठी काही प्रमाणात उपयोगी. पण हा रोग सुईवर आहे. पिशवीतला ट्रायकोडर्मा दीड फूट वर चढून रंध्राच्या तोंडाशी राखण करत बसत नाही.

डोंगरउतार

वेळापत्रकाबद्दल एक बारकावा. ‘कोवळी सुई म्हणजे सर्वांत नाजूक’ हे प्रत्येक जातीला लागू नाही. नेब्रास्कात ऑस्ट्रियन पाइनवर डोथिस्ट्रोमाचा अभ्यास झाला, तिथे चालू वर्षाच्या सुया उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत रोग घेत नाहीत असं दिसलं. आदल्या वर्षाच्या सुया मात्र पूर्ण हंगाम घेतात. म्हणून तिथे पहिली फवारणी मेच्या मध्यात जुन्या सुयांसाठी आणि दुसरी जूनच्या उत्तरार्धात नव्यांसाठी. रेडिएटाच्या सुया सगळ्याच वयात घेतात. तुमच्या तिन्ही जातींचं वागणं वेगळं असू शकतं, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक जातीची पाच रोपं न फवारता बाजूला ठेवा, बाकीच्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे ती पूर्वेला.

मुरूम_माती

पाण्याची वेळ बदलली, बाजूची नेट उतरवली. शेवटचा प्रश्न: आता ऑक्टोबर ते मे काय करायचं? रोगट सुया खुडायच्या का? आणि जी रोपं अर्ध्याहून जास्त गेली त्यांचं काय?

भिंग

अर्ध्याहून जास्त सुया गेलेली रोपं काढून टाका, विशेषतः ती टोकाची जुनी तुकडी. जीव होतो गोळा, पण पुढच्या जूनचं बियाणं तिथेच बसलंय. ही बुरशी कोरडा काळ रोगट सुयांमध्येच काढते, आणि झाडावर लटकलेली सुई जमिनीवरच्या सुईपेक्षा धोक्याची, कारण मातीवर पडलेली कुजवणाऱ्या इतर बुरशींच्या तोंडी लागते. तरी वाफ्यातला पालापाचोळा वेचाच. कंपोस्टमध्ये नको, फूटभर खोल पुरा.

बाकीच्यांच्या खालच्या रोगट सुया हाताने, कोरड्या दुपारी काढा, सकाळी दवात नाही. ओल्या हाताने तुम्हीच बीजाणू वाटत फिराल. रोगटपासून सुरुवात करून स्वच्छ रोपांकडे जाऊ नका, उलट दिशेने या. एका रोपाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त हिरव्या सुया एका वेळी काढू नका.

पिशव्या किमान वीतभर अंतरावर मांडा, खाली माती उघडी असेल तर खडी पसरा म्हणजे चिखल उडणार नाही आणि तण येणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर युरिया देऊ नका, लुसलुशीत दाट फूट येते आणि आतली हवा कोंडते. मेमध्ये जमलं तर हडपसरलाही मुळशीसारखं छप्पर करा, ८-१० फूट उंच, चारी बाजू उघड्या. बाजू बंद केल्या तर ते ओलीचं कोठार होईल.

दहिवर

आणि छपराच्या पागोळ्या शेवटच्या रांगेवर पडणार नाहीत एवढं पाहा. कडेच्या पिशव्या दोन फूट आत घ्या.